यंत्राला नीट बोलायला लावणाऱ्या खैरनार मॅडम

खैरनार मॅडमची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका वाचनालयात मी संगणकाविरुद्ध तावातावाने बोललो. ज्या यंत्राला आपली भाषा येत नाही, त्याच्यापुढे माणसाने मान का तुकवावी, असा माझा सवाल होता. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या.

“भाषण झकास झालं. उद्या आमच्या लॅबमध्ये या. चहा मिळेल, टाळ्या मिळणार नाहीत.”

त्या सुलभा खैरनार, महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या. जुन्या संगणकांवर फुकट मिळणारी आणि हवी तशी बदलता येणारी लिनक्स प्रणाली बसवून ते गावोगावच्या संस्थांना देणारा एक छोटा गट त्या चालवत. मी गेलो तो त्या गटाचाच झालो.

लिनक्सवर नवा प्रोग्राम बसवायचा तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागे. मग पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम काय बसवणार, नव्याशी न जुळणारं काय काढून टाकणार ते भराभर सांगत सुटे आणि शेवटी विचारे, पुढे जाऊ का? त्या गर्दीत कामाची ओळ कुठली, ते कळत नसे. म्हणून संस्थांच्या माणसांसाठी आम्ही घेत असलेल्या वर्गात मॅडमनीच सोपी सवय लावली होती. प्रश्न आला की ‘वाय’ दाबायचं, म्हणजे हो म्हणायचं.

दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका संस्थेत आमच्या वर्गात शिकलेली सुनंदा काम करी. फवारणीच्या सूचना मराठीत छापून सभासदांना देणं हे तिचं काम. एकदा तिने नवा प्रोग्राम बसवताना ‘वाय’ दाबलं आणि मराठी अक्षरांसकट अर्धी प्रणाली निघून गेली. छाटणी नुकतीच झालेली, फवारणीचे दिवस. आम्ही पोचलो तेव्हा तिला कामावरून काढायचं सचिव अण्णांनी जवळजवळ ठरवलं होतं.

“मशीननं विचारलं व्हतं ना? मग वाचता येत नाय का?”

“विचारलं हो अण्णा. पण लय भराभर पळालं. काय काढणार ती ओळ वर पळून गेली.”

मॅडमनी सोबत आणलेला संगणक लावला. “अण्णा, आता तुम्ही बसा. मी सांगते ते टाइप करा.”

पडदा धावला, थांबला, प्रश्न आला. अण्णांनी चष्मा सावरला. “आता वाय ना?” म्हणाले आणि दाबलंसुद्धा.

“काय काय गेलं, सांगता?” मॅडमनी विचारलं.

अण्णा पडद्यावर वरखाली शोधू लागले.

“हिला काढणार असाल तर आधी मला काढा. न वाचता हो म्हणायला मीच शिकवलं.”

“तुमाला कसं काढू? तुमी पगारावर कुठं हाय?” अण्णा कुरकुरले. “महिनाभर बघतो. परत झालं तर मात्र ऐकायचो नाय.”

त्या महिन्यात मॅडमनी जे केलं, त्याला मी आजही तंत्रज्ञान म्हणत नाही, न्याय म्हणतो. समजणार नाही असं बोलून घेतलेला होकार हा होकारच नव्हे. तो माणूस घेवो, सरकार घेवो की यंत्र. हे मी व्यासपीठावरून ओरडत आलो. मॅडमनी ते पडद्यावर करून दाखवलं. देवळाली कॅम्पातल्या जवानांच्या पत्नी, बाजारात भाजी विकणाऱ्या घरांतल्या मुली, ज्यांना बोलावता येईल त्यांना त्या संगणकापुढे बसवत आणि म्हणत, “वाचून दाखवू नका. आता काय होणार ते सांगा.” जे सांगता येत नसे ती ओळ त्या बदलत. जे निघून जाणार, ते प्रश्नाच्या अगदी वर आलं. तेही मराठीत. एकट्या ‘वाय’ने काही काढलं जाणं बंद झालं, त्यासाठी ‘काढा’ असा पूर्ण शब्द टाइप करणं भाग पडलं.

इशाऱ्याचं वाक्य लिहायला मला दिलं होतं. मॅडमनी वाचलं आणि पेन्सिल घेतली. “सर, हे सुनंदाला सांगायचंय, सभेला नाही.” माझ्या परिच्छेदाची एक ओळ उरली.

मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना मॅडमनी हे बदल कळवले. वापरणाऱ्याने नीट वाचावं, असं उत्तर आलं. मॅडमनी शांतपणे उलट कळवलं, की आधी वाचता येईल असं लिहावं. त्या मंडळींनी एकच बदल स्वीकारला. बाकीचे आमच्या नाशिकच्या प्रतीतच राहिले.

महिना संपता संपता ती बदललेली प्रत घेऊन आम्ही दिंडोरीला गेलो. अण्णा सुनंदाच्या खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले. तिने तोच प्रोग्राम पुन्हा मागवला. पडद्यावर आलं, ‘यामुळे मराठी अक्षरं निघून जातील. चालेल?’ सुनंदाचं बोट सवयीने पुढे गेलं आणि थबकलं.

“नाय चालणार,” ती पडद्यालाच म्हणाली आणि तिने ‘नको’ टाइप केलं.

“बघा,” अण्णा म्हणाले, “आता मशीनला पण उलटं बोलाया लागली.” मग तिच्याकडे वळले. “सूचना छापायच्या राहिल्यात. बस कामाला.”

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. समजून-उमजून ‘नको’ म्हणता यावं, हा माणसाचा हक्क मानून त्या राबल्या. ती उमेद आणि तिला साथ देणारी ठणठणीत प्रकृती त्यांना पुढची पुष्कळ वर्षं लाभो, ही आम्हा सगळ्यांची मनापासूनची इच्छा.