दहा वाजताचा मुलगा

नागसेन मेश्राम रस्त्याने चालला तर त्याला कोणी ओळखत नाही, आणि त्याची त्याला कधी खंतही नव्हती. ओळखीचा आहे तो त्याचा आवाज. भिलाईच्या केबलवर जे लोकल चॅनेल दिसतं, त्याच्यावरच्या निम्म्याहून जास्त जाहिराती गेली कित्येक वर्षं हाच माणूस बोलतो. साड्यांचा सेल असो, कोचिंग क्लास असो, नाहीतर हायवेवरचं मॅरेज गार्डन असो, मागून बोलणारा नागसेन. लग्नाच्या पंगतीत त्यानं नुसता भात मागितला तरी शेजारचा माणूस वळून पाहतो, कुठेतरी ऐकलंय असा चेहरा करतो आणि पुन्हा जेवायला लागतो.

चॅनेलचं ऑफिस नेहरू नगरात, एका मोबाइलच्या दुकानाच्या वर. ऑफिस म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक खोली मालकाची, भूपेंद्रची, आणि दुसरी रेकॉर्डिंगची. तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. माइकमध्ये घरघर येते म्हणून बोलताना पंखा बंद ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात नागसेन बनियनवर बसून थंडगार कूलरची जाहिरात बोलत असे आणि घाम पुसत असे. लिहायचा तोच, बोलायचा तोच, चित्रं जोडायचाही तोच.

या कामात त्याला एक गोष्ट फार लवकर कळून चुकली होती. भिलाईत घड्याळ चालतं ते प्लांटचं, म्हणजे पोलाद कारखान्याचं. कोणत्या वेळी कोणत्या घरात टीव्हीपुढे कोण बसलंय हे शिफ्टवरून सांगता येतं. दुपारी नवरा सेकंड शिफ्टला गेला, पोरं ट्यूशनला गेली, की साडेतीनच्या सुमारास बाई जरा पाय पसरून बसते. तिथे साड्या आणि सोनं. तेव्हा नागसेनचा आवाज वहिनीची थट्टा करणाऱ्या दिराचा होई. रात्री साडेआठला फर्स्ट शिफ्टवाला बाप जेवायला बसलेला, शेजारी बायको आणि दहावीतला मुलगा. तिथे कोचिंग. त्या जाहिरातीत मुलाशी बोलायचंच नाही, बापाशीही नाही. बोलायचं आईशी, आणि ते असं, की शेजारच्या क्वार्टरमधल्या पोराचा नंबर लागला आणि आपला मागे राहिला, असं तिच्या काळजात धस्स व्हावं. आणि सकाळी दहा म्हणजे रिटायर माणूस. घरातले सगळे आपापल्या कामाला गेलेले, बायको स्वयंपाकघरात, पेपर वाचून झालेला, जेवायला अजून अवकाश. या माणसाशी दिवसभर धड कोणी बोलत नाही. त्याच्याशी बोललं की तो ऐकतो. ही अक्कल नागसेनला कोणी शिकवली नव्हती आणि एके काळी तो ती चहाच्या टपरीवर ऐटीत सांगत असे.

आता ऐट उतरली होती. तरुण माणसं मोबाइलमध्ये गेली, त्यांच्या मागोमाग साडीवाले आणि कोचिंगवालेही गेले. टीव्हीपुढे उरले म्हातारे, आणि चॅनेलला उरल्या त्यांच्या जाहिराती. गुडघ्याचं तेल, कानाचं मशीन, पोट साफ करायचं चूर्ण. पन्नाशी उलटलेला नागसेन दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे दुखवायचा आणि संध्याकाळी स्वतःचे गुडघे धरत जिना उतरायचा. सोडून द्यावं असं त्याला रोज वाटे. पण या वयात कुठे जायचं, हे काही सुचत नसे.

गेल्या हिवाळ्यात शुगरच्या कॅप्सूलचं काम आलं. झाडपाल्याची कॅप्सूल, रोजच्या गोळ्यांपासून सुटका, असा पार्टीचा, म्हणजे जाहिरात देणाऱ्या कंपनीचा, दावा होता. त्यांना जाहिरातीत पांढरा कोट घातलेला डॉक्टर हवा होता. नागसेननं कंटाळलेल्या आवाजात सांगितलं की पांढऱ्या कोटाला आता कोणी भीक घालत नाही. डॉक्टरला बसवा घरी आणि मुलाला बोलू द्या. मुलगा बापाशी बोलतोय, एवढंच ठेवा. भूपेंद्रनं टेबलावर थाप मारली आणि त्याच दुपारी लिहायला सांगितलं.

लिहायला बसल्यावर नागसेनपुढे एकच बाप होता, त्याचा स्वतःचा. रुआबांधा वस्तीतल्या घरी लोखंडी पलंगावर बनियनवर बसलेले जानराव मेश्राम. तळहातावर गोळ्या घेऊन त्यांच्याकडे रागानं पाहणारे, मग एकदम तोंडात टाकून कडू चेहरा करणारे, बिनसाखरेचा चहा अर्धा ठेवून उठणारे. भंडाऱ्याकडून तरुणपणी आलेला हा माणूस प्लांटमधल्या कोक ओव्हनच्या, दगडी कोळशाच्या भट्ट्यांच्या, आचेत उभा राहून रिटायर झाला होता. नागसेननं ते सगळं हिंदीत उतरवलं. सारी उमर आप आग के सामने खड़े रहे, अब मुट्ठीभर गोलियां क्यों, असं. कागदावर त्यानं 'बाबूजी' लिहिलं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, डोळे मिटलेले, आणि तोंडातून निघून गेलं 'बाबा'. तो पुन्हा घ्यायला निघाला तर भूपेंद्रनं थांबवलं. राहू दे, म्हणाला, असली वाटतं.

खुद्द जानरावांशी मात्र नागसेन असं कधी बोलला नव्हता. पोरगा प्लांटमध्ये लागावा अशी जानरावांची फार इच्छा. पोरगा परीक्षेत नापास झाला, आणि विहारात वंदना घेताना जो आवाज सगळ्यांना आवडायचा तो घेऊन केबलवाल्यांकडे गेला. पहिली जाहिरात लागली तेव्हा जानराव एवढंच म्हणाले होते, की आता आवाज बी विकाले काढला का. त्यानंतर भांडण असं झालं नाही, बोलणं मात्र आटलं. नागसेन बायकोसह नेहरू नगरात भाड्यानं राहायचा आणि रविवारी रुआबांध्याला यायचा. जेवला का, गाडीत हवा कमी दिसते, निघतो मग. बापलेकाचा रविवार एवढ्यावर आटपायचा.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी आईचा, कमलाबाईंचा, फोन आला. बाबांच्या पायाचा अंगठा काळा पडलाय, ते कोणाला दाखवत नाहीत, एवढ्या गर्मीत मोजे घालून बसतात. नागसेन तसाच निघाला. जानरावांनी बराच वेळ पाय पलंगाखाली दडवला. शेवटी कमलाबाईंनी मोजा ओढून काढला, आणि खोलीत जो वास आला त्यावरून नागसेनला समजायचं ते समजलं.

प्लांटच्या दवाखान्यात लगेच भरती करून घेतलं. रक्त तपासलं तर शुगर आकाशाला भिडलेली. रोजच्या गोळ्या चालू आहेत का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कमलाबाईंनी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. दवाखान्यातूनच मिळालेली, तशीच्या तशी, न फोडलेली. आणि तिच्याच तळाशी त्या कॅप्सूलच्या रिकाम्या डब्या होत्या. नागसेननं डबी पाहिली. तिच्यावरचं चित्र त्यानंच जाहिरातीत बसवलं होतं.

कमलाबाई त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन आल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दमल्या होत्या नुसत्या.

"थंडीपासून गोळ्या बंद केल्या त्यायनं. मी म्हटलं, कावून? त म्हणे, पोरानं सांगतलं. दहा वाजले का मले भांडे बी वाजवू देत नाई. चूप बस म्हणते, नागसेन बोलून राहिला."

नागसेन तिथल्या बाकावर बसला. दहाची वेळ त्यानंच ठरवली होती. एकटा, रिकामा, ऐकायला तयार असलेला माणूस त्याला हवा होता, आणि तो मिळाला होता. त्याला स्वतःची किळस आली. पण किळस करत बसायलाही वेळ नव्हता, कारण आतून बोलावणं आलं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सरळ होतं. अंगठा आज-उद्या काढला तर पाय वाचेल. नाही काढला तर मग घोट्यापासून, कदाचित गुडघ्याखालून काढावा लागेल. जानराव ऐकायलाच तयार नव्हते. कॅप्सूल आतून काम करते, तिला वेळ लागतो, पाय आपोआप सुधारेल, असं ते शांतपणे सांगत होते. जाहिरातीतलीच वाक्यं होती, फक्त मराठीत. तुम्ही मुलगा आहात, तुम्ही समजवा, असं म्हणून बाई दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

अख्ख्या भिलाईला समजावलेला हा माणूस पलंगाशेजारचं स्टूल पुढे ओढून बसला.

"बाबा, त्या कॅप्सूलमंदी काई नाई. मी खोटं बोललो."

जानरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "टीव्हीवर?"

"हो."

"पन तू बाबा म्हटलं." जानराव उशीला टेकले. "मले वाटलं, पोरगा तोंडावर बोलाले लाजते, म्हनून तिथून बोलून राहिला. भट्टीचं बोलला तू. मी चहा ठेवून उठतो ते बी बोलला. हे दुसऱ्या कोनाले मालूम हाय?"

खरं सांगायचं तर जानरावांचं काहीच चुकलं नव्हतं. नागसेननं ते बापालाच डोळ्यांपुढे धरून लिहिलं होतं, म्हणून तर ते इतकं लागलं. सगळ्या जाहिरातीत खरी अशी तेवढीच एक गोष्ट होती. ती त्याच्या ओठांवर आलीसुद्धा. बाबा, ते तुमचंच होतं, एवढं म्हटलं असतं तर म्हाताऱ्याचा चेहरा उजळला असता, आणि त्यानं कॅप्सूलही खरी मानली असती आणि पाय गमावला असता. नागसेननं ती गोष्ट गिळली.

"ते तुमच्यासाठी नव्हतं," तो म्हणाला. "कोनासाठीच नव्हतं. असंच लिहा लागते. सगळेच बाप सारखे असते."

जानरावांनी पेन मागितला आणि डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तिथे सही केली. पेन परत देताना त्यांनी नागसेनच्या हाताला हात लागू दिला नाही.

"कापा म्हना," ते म्हणाले. मग कूस बदलता बदलता आठवल्यासारखं करून म्हणाले, "मरोद्याले जा आधी. दौलतरावनं बी गोळ्या सोडल्या. मीच म्हटलं त्याले. माह्या पोराचा आवाज हाय, तो फसवनार नाई."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं, अंगठा गेला, पाय राहिला. कमलाबाईंना जानरावांजवळ बसवून नागसेननं भूपेंद्रला फोन लावला आणि ती जाहिरात काढून टाक म्हणाला. भूपेंद्रला वाईट वाटलं, त्यानं बाबांची चौकशीही केली. पण पार्टीशी बोलणं झालेलं आहे, महिना तर पुरा करावा लागेल, असं तो म्हणाला. आणि काढून तरी काय होणार, नागसेन नाही बोलला तर दुसरा कोणी बोलेल. उद्यापासून येत नाही, एवढंच नागसेननं सांगितलं. भूपेंद्र समजूतदारपणे म्हणाला, की आराम कर चार दिवस.

दुपारी उन्हातच तो मरोद्याला गेला. दौलतराव जानरावांबरोबर कोक ओव्हनला होते, आता मुलासुनेकडे राहत. दार त्यांनीच उघडलं. कोण म्हणून त्यांनी डोळे बारीक केले. नागसेननं नाव सांगितलं मात्र, दौलतरावांचा चेहरा खुलला. हाताला धरून त्यांनी त्याला आत नेलं, खुर्ची पुसून दिली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. हाच तो, म्हणाले, टीव्हीतला, जानरावचा पोरगा.

नागसेन पाणी न पिताच बोलायला लागला. बाबांचा अंगठा कापावा लागला, त्या कॅप्सूलमुळे कापावा लागला, गोळ्या बंद केल्या म्हणून. आवाज बसलेला होता, मध्येच फाटत होता. अशा आवाजात त्यानं आयुष्यात काही रेकॉर्ड केलं नसतं. दौलतराव पुढे झुकून, मान थोडी कलती करून, एकेक शब्द मन लावून ऐकत होते. जानरावांचं ऐकून ते हळहळले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"काका, ते घेऊ नका आता," नागसेन म्हणाला. "टीव्हीवर मी सांगतलं ते सगळं खोटं हाय."

दौलतरावांनी लगेच मान डोलावली. उठून त्यांनी फळीवरची डबी काढली आणि त्याच्या हातात दिली. मग पुन्हा समोर येऊन बसले, गुडघ्यांवर हात ठेवून.

"बरं झालं तू स्वतः आला," ते म्हणाले. "तू म्हनशीन तसं. मंग आता कोनतं घ्याचं, तेवढं सांग."