टायगरच्या घराची काळी माती

भिंतीच्या भेगेत माझी चार बोटं सहज गेली. पलीकडून कुणीतरी ती चाटली.

तो टायगर. अमरावतीच्या गवई सरांचा म्हातारा गावठी कुत्रा. आणि ती भिंत त्याच्यासाठी मी डिझाईन केलेल्या, पर्यावरणाला न दुखवणाऱ्या घराची. लिपून आठ दिवसही झाले नव्हते.

मी आर्किटेक्ट. ऑफिस अकोल्याला. कुत्र्याचं घर म्हटल्यावर मी आधी हसले होते. पण मागच्या मे महिन्यात टायगरला ऊन लागलं होतं, सलाईनवर कसाबसा वाचला. पुन्हा असं झालं तर तो काही जगायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. सरांच्या बायकोला, काकूंना, दमा, म्हणून त्याला घरात घेता येत नव्हतं.

"मॅडम, मी तीस वर्षं शाळेत पर्यावरण शिकवलं," निवृत्त मुख्याध्यापक सर म्हणाले. "आता कुत्र्यासाठी सिमेंट ओतू काय? पन हा मेला नाई पाह्यजे."

मी चेवाने कामाला लागले. दार उत्तरेला, म्हणजे दुपारची झळ आत शिरत नाही. दोन छपरं: खाली बांबू-मातीचं, वर वीतभर अंतर सोडून चुना मारलेला पत्रा. मधून वारा खेळतो आणि तापलेला पत्रा आतल्याला भाजत नाही. भिंती कुडाच्या, म्हणजे तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, विणून केलेल्या, दोन्हीकडून मातीचा जाड लेप. आमच्या भाषेत याला थर्मल मास म्हणतात. सोपं सांगायचं तर, जाड भिंत उन्हाची झळ आत यायला उशीर लावते.

माती कुठली? लोकल मटेरियल! सरांच्या आवारातलीच काळीभोर माती उकरली. गाडीभाडंही वाचलं.

आता भेगेसमोर सर, काकू, मी आणि भिंती लिपणारा सुखदेव मिस्त्री उभे होतो. काकूंनी भिंतीला नख लावलं.

"बाई, लिपाले काळी माती कोन घेते? माह्या आईनं साऱ्या जलमात गावठानातली पांढरीच घेतली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. हे मी अकोल्यातल्या प्रत्येक क्लायंटला पाया खोदताना ऐकवते. पायातून काळी माती काढून मुरूम भरायला लावते. आणि इथे तीच मी भिंतीवर चढवली होती!

"सुखदेवभाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं ना."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी इंजिनियर. मले वाटलं, काई नवीन निंगालं असन."

मी त्याच्यावर चिडणार होते, पण चिडायला तोंड नव्हतं. संपूर्ण कामात मी त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. नुसत्या सूचना दिल्या होत्या.

एप्रिल तोंडावर आला होता. सगळा लेप खरवडला. काकूंच्या चांदूर रेल्वेजवळच्या माहेराहून, पडक्या घराची, वाळून न आक्रसणारी पांढरी माती पोत्यांनी आली. सुखदेवभाऊने ती कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, घालून भिजवली आणि पायाने तुडवली. किती दिवस मुरवायची, तेही त्यानेच ठरवलं. मी ते वहीत लिहून घेतलं. भिंती वाळल्या. केसाएवढी भेग नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी थर्मामीटर घेऊन पोचले. अंगणात सावलीत पंचेचाळीस. आत हात घातला, अडतीस.

"सात डिग्री कमी!" मी ओरडले.

"थे राहू द्या मॅडम," सुखदेवभाऊ म्हणाला. "त्याची जीभ पाहा."

मी वाकून पाहिलं. शेजारच्या गल्लीतली कुत्री हातभर जिभा काढून धापा टाकत होती. टायगर भिंतीला पाठ लावून झोपला होता, तोंड मिटून. सरांनी डोळे पुसले आणि घाम आल्याचं सांगितलं. मलाही तसाच घाम आला होता.

तेव्हापासून कुठल्याही साईटवर मी मिस्त्रीला आधी विचारते, "तुम्ही असता तर काय केलं असतं?" तो म्हणतो, "तुमी म्हनान तसं." मग मी चहा मागवते आणि काहीच म्हणत नाही. खरं उत्तर साधारण दुसऱ्या कपाला येतं.