गोठलेलं खोबरेल

“खोबरेल? अहो, रायफलीत खोबरेल घातलंत?”

“बाबा सावंतवाडीला तेच घालायचे. चाळीस वर्षं!”

“सावंतवाडीला! हे वॉटफर्ड आहे, जानेवारी आहे!” सुमतीच्या डोक्यात तिडीक गेली.

डॉक्टर जयवंतांना इंग्लंडात येऊन सहा वर्षं झाली होती. आज पहिल्यांदाच हॉस्पिटलच्या बड्या साहेबांनी त्यांना हरणाच्या शिकारीला बोलावलं होतं. आणि नेमकी आजच, काडतूस आत सरकवणारी लिव्हर जागची हलेना. आत तेल गोठून पांढरं झालं होतं.

“रोज डोक्याला लावायच्या खोबरेलाची बाटली हीटरवर कोण ठेवतं? तुम्हीच ना? मग एवढं सुचलं नाही?”

“तू गप्प बस गं. पुसतोय ना मी!”

बाहेर साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

“आता काय सांगणार त्यांना?”

जयवंतांनी रायफल कपाटात ठेवून कुलूप लावलं, कोट चढवला आणि “सांगतो, आज नुसता बघायला येतो,” म्हणत ते बाहेर पडले.