वाडीला वेगळी पुडी नाही

विंझरच्या वरच्या अंगाला मौजे कातरवड आणि त्याची वरलीवाडी यांच्यामध्ये एक खिंड होती. सरकारी दप्तरात ती नव्हती. दप्तरात गाव एकच, वाडी त्याच्या पोटात. त्यामुळे कातरवडात जन्मलेली बाळाबाई वरल्यावाडीला दिली गेली, तेव्हा रडून तिचे डोळे सुजले, तरी सरकारी हिशेबाने ती गावातल्या गावातच होती.

एकोणीसशे पस्तीसच्या उन्हाळ्यात वाडीत पटकी, म्हणजे कॉलरा शिरला. बाळाबाईचा नवरा गेनू सकाळी रानात गेला आणि दिवेलागणीला सरणावर होता. लेक ठकी तेवढी उरली. विहिरीत टाकायच्या लाल औषधाची पुडी सरकारातून आली होती, गावाला एक. बाळाबाई खिंड उतरून पाटलांच्या ओट्याशी उभी राहिली. पाटील आनंदराव तिचे चुलतेच.

"नाना, आमच्या झऱ्यालाबी थोडं द्या. ठकीच राह्यलीय आता."

"अगं, वाडीला येगळी पुडी न्हाई. वाडी म्हंजी गावच. गावच्या हिरीत टाकलं, तुमाला पोचलंच की."

"खिंड चढून पोचलं व्हय? वेठीला गडी मागताना वाडी येगळी धरता!"

"वेठ हा रिवाज हाय, पोरी. औशीद सरकारी."

"लेक हितलीच, म्हनून जीभ येवढी," ओट्यावरचा सावळाराम म्हणाला आणि सगळे हसले.

आनंदराव वाईट नव्हते. भावकी म्हणून त्यांनी तिला गावच्या विहिरीवरून रोज एक घागर न्यायची मुभा दिली. खिंडीत हिंदकळून घागर निम्मी होई. उरलेलं ठकीसाठी झाकून ठेवून बाळाबाई स्वतः झऱ्याचं पिई. ठकी मात्र, आई रानात गेली की, शेजारच्या बनाबाईच्या पोरांना त्या घागरीतलं पाजी आणि आपण झऱ्यावर जाई. हे बाळाबाईला कळलं तेव्हा ठकीची नखं निळी पडली होती.

वाडीतले मृत्यू अर्थातच मौजे कातरवडच्या नावावर पडले. आकडा बघून वरून तातडीने दुसरी पुडी आली. ती गावच्या विहिरीत पडली. गावात तोवर कुणी आजारीही नव्हतं.

बाळाबाई घागर घेऊन उतरली. आनंदराव विहिरीवरच होते. त्यांनी मान खाली घातली.

"आता कुनासाठी नेतीस, पोरी?"

"बनाबाईची पोरं हाईत अजून," ती म्हणाली आणि घागर विहिरीत सोडली.