पूजेला बसणारं जोडपं

"मुलाणीचं नाव कुणी घातलं?" चीफ इंजिनिअरांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"सेवाज्येष्ठतेनं त्यांचाच नंबर आहे, सर. पुढच्या वर्षी रिटायर होतायत."

फलटणजवळच्या एका साखर कारखान्यात मी बॉयलर विभाग सांभाळत होतो. दसऱ्याच्या सुमाराला, हंगामाआधी बॉयलर पेटवतात. त्याला अग्निप्रदीपन म्हणतात. विभागातलं एक जोडपं पूजेला बसतं. कामगाराच्या बायकोला बॉयलरपर्यंत येता येतं ते तेवढ्याच दिवशी.

दस्तगीर मुलाणी एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. म्हणजे भट्टीतली आग आणि बॉयलरमधल्या पाण्याची पातळी सांभाळणारा माणूस. सरकारी प्रमाणपत्र असलेला अटेंडंट हजर नसेल तर बॉयलर पेटवता येत नाही. आठवड्यापूर्वीच ते मला म्हणाले होते, "साहेब, नारळ दरसाल मीच सोलून देतोय, फोडायला काय जातंय? पर हाजराला एकदा भट्टी दावायची हाय. एकतीस वर्षं माझी काजळी धुतीया."

चीफ म्हणाले, "पाहुणे येणार, फोटो निघणार. उगीच चर्चा नको. तुम्हीच बसा."

"माझी पत्नी श्रावणात गेली, सर."

ते गडबडले. "सॉरी, सॉरी. लक्षातच राहिलं नाही. मग कदमचं घाला."

कदमला लागून चार वर्षं झाली होती. मी त्याचं नाव लिहिलं. खाली छापील ओळ होती, 'सेवाज्येष्ठतेनुसार शिफारस'. तिच्याखाली सही केली. वाद घालायला अंगात बळ नाही, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

दस्तगीरभाईंना सांगायला गेलो, तेव्हा ते व्हॉल्व्ह पुसत होते. "कळलं," म्हणाले. "कदमाची बायको बी गुणाची हाय."

पूजेच्या दिवशी ते ड्यूटीवर होतेच. आम्ही दोघं मागं पंपापाशी उभे राहिलो. कदमची बायको तोंडाला पदर लावून भट्टीच्या छोट्या खिडकीतून आत बघत होती. बारा वर्षांपूर्वी आम्ही पूजेला बसलो, तेव्हा माझी सुमन तिथंच वाकली होती. "एवढ्या आगीपायी घरी यायला उशीर होतो होय तुम्हाला?" म्हणाली होती.

दस्तगीरभाई हळूच म्हणाले, "साहेब, आज आपुन दोघं बी बाद."

मी हसलो. मग हसवेना.

पाहुणे गेल्यावर म्हणालो, "उद्या वहिनींना घेऊन या. गेटपास मी देतो."

"आता न्हाई, साहेब. पूजेसाठी घेतलेली साडी तिनं लेकीला देऊन टाकली. बोलावलं असतं तर आली असती. नुसतं बघायला कशाला येतीया?"

त्यांनी लॉगशीटवर वेळ लिहिली, सही केली आणि पाण्याची पातळी बघायला गेले.

हंगाम संपला, ते रिटायर झाले. हाजरावहिनींनी भट्टी पाहिली नाही. एकट्यापुरता चहा टाकताना मला चीफचं ते 'सॉरी' आठवतं. मला वगळताना निदान तेवढं तरी कुणी म्हणालं. दस्तगीरभाईंना कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.

सही करण्याआधी वरची छापील ओळ वाचावी, एवढंच मी नव्या इंजिनिअरांना सांगतो.