न प्यायलेली दारू

वहिनीचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. शाळेत मोबाइल बंद ठेवायचा नियम आहे, पण शेवटच्या काही आठवड्यांत मी तो चालूच ठेवत होते. "बेबीताई, तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मग मागून नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. मी मुलांना धडा वाचायला सांगून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. रजा देताना त्यांनी सहज विचारलं, "काय झालं होतं हो भावाला?" मी म्हटलं, "लिव्हर." त्यांनी मान हलवली. डोळ्यांत तो भाव आलाच, गेली काही वर्षं मी जो प्रत्येक ओळखीच्या चेहऱ्यावर पाहत आले होते. अच्छा, म्हणजे घेत असणार. मी नेहमीप्रमाणे सांगायला तोंड उघडलं, की नाही हो सर, माझ्या भावानं आयुष्यात कधी थेंबालाही... आणि गप्प बसले. तशीच अकोल्याहून गावची बस धरली.

माझा भाऊ मनोहर. तिवशाजवळ आमचं गाव, काळी जमीन, सोयाबीन, तूर, थोडी कपाशी. मोझरीचा आश्रम जवळ असल्यामुळे घरात खंजिरी आणि भजन लहानपणापासून. दादाचा आवाज भारदस्त होता आणि चहात साखर भरपूर लागायची, हे त्याचे दोनच शौक. दारूचा मात्र त्याला मनापासून तिटकारा. कापसानं आणि सोयाबीननं लागोपाठ दगा दिला त्या वर्षांत आमच्या भागातल्या कितीतरी घरांतून वाईट बातम्या यायच्या, आणि गावातल्या देशी दारूच्या दुकानासमोरची गर्दी वाढत चालली होती. बाया रोज दादाकडे येऊन रडायच्या. मग त्यानंच त्यांना गोळा केलं, तालुक्याला खेटे घातले आणि बायांचं मतदान घडवून आणलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडवी बाटली जिंकली. बायांनी दादाला गुलाल लावून गावभर मिरवला. मी तेव्हा माहेरी आले होते, मिरवणुकीत पुढे होते. पुढे कितीतरी वर्षं तिवशाच्या बाजारात त्याला लोक 'आडवी बाटलीवाले मनोहरभाऊ' म्हणूनच ओळखायचे, आणि ते त्याला आवडायचं.

त्याच दिवसांतली एक गोष्ट मात्र आमच्या घरात कोणी पुन्हा काढत नसे. मतदानाच्या दिवशी श्रावण नावाचा मजूर पिऊन चौकात आला आणि बायांना शिव्या देऊ लागला. दादानं त्याला चौकातल्या खांबाला बांधला, गळ्यात रिकाम्या बाटल्यांची माळ घातली. पोरं हसत होती, कोणी अंगावर चिखल टाकत होतं. श्रावणची बायको सुमन स्वतः मतदानाला आली होती, आडव्या बाटलीवर शिक्का मारून. ती तांब्याभर पाणी घेऊन नवऱ्याजवळ गेली, तर दादानं तांब्या तिच्या हातातून घेतला. "राहू दे दुपारपर्यंत. याले समजलं पाह्यजे." त्यानंतर काही दिवसांत श्रावण गाव सोडून गेला. कोणी म्हणायचं अकोल्याला मिलमध्ये लागला, कोणी म्हणायचं परतवाड्याला. बऱ्याच वर्षांनी सुमन एकटीच गावात परत आली. पोट फुगून श्रावण सरकारी दवाखान्यात मेला, असं कळलं. दादा तेव्हा म्हणाला होता, "मंग, दुसरं काय होणार होतं?"

आणि मग दादाचंच पोट फुगू लागलं. आधी पायांवर सूज, मग डोळे पिवळे. शुगर तर त्याला वर्षानुवर्षं होतीच. अमरावतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न विचारला, "रोज किती घेता?" दादा हसला. त्याला वाटलं, डॉक्टर थट्टा करताहेत. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच विचारलं, तेव्हा तो चिडला. तिसऱ्या ठिकाणी कंपाउंडरच म्हणाला, "काका, इथं खरं सांगा, घरी सांगत नाही आम्ही." गावात बातमी पोहोचायला किती वेळ लागतो! बंद पडलेल्या दुकानाच्या जागी आता पानठेला होता, तिथं एकजण मोठ्यानं म्हणाला, "मनोहरभाऊची बाटली दिवसा आडवी अन् रात्री उभी." सगळे हसले. दादा समोरच्या रस्त्यानं चालला होता. त्यानंतर तो भजनाला गेला नाही.

वहिनी भोळी आहे, पण तिच्याही मनात कोणीतरी किडा सोडला. एका दुपारी ती गोठ्यामागच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात हात घालून काहीतरी शोधत होती. दादा मागं येऊन उभा राहिला. "काय हरपलं वं?" वहिनी दचकून म्हणाली, "इळा." मग तोही धोतर सावरून खाली बसला आणि तिच्याबरोबर कुटारात विळा शोधू लागला. विळा दाराच्या खुंटीला टांगलेला होता आणि ते दोघांनाही माहीत होतं. हे मला वहिनीनंच तेराव्यानंतर सांगितलं, पदर तोंडात धरून.

मी त्याला अकोल्याला आणलं. माझ्या ओळखीतल्या शिक्षिकेनं इथल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. त्यांनी दादाला तपासलं, जुने कागद पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही दारू पीत नसणार." दादानं एकदम माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत हे वाक्य त्याला पहिल्यांदा ऐकायला मिळालं होतं. बाईंनी समजावून सांगितलं, की शुगर आणि वाढलेलं पोट यांमुळेसुद्धा लिव्हरमध्ये चरबी साठते, वर्षानुवर्षं साठत राहते, आणि मग लिव्हर कडक होत जातं. पिणाऱ्याचं होतं अगदी तसंच. जगभर आता याच्यावर संशोधन चाललंय, नवी औषधं निघताहेत, पण ती बहुतेक सुरुवातीच्या टप्प्यातल्यांसाठी. त्यांच्याकडे असाच एक अभ्यास सुरू होता, दारू न पिणाऱ्या पेशंटांचा. त्यांची वरचेवर तपासणी करायची, कोणाचं लिव्हर कसं बिघडत जातं, कोणात कॅन्सरची गाठ होते, ते लवकर ओळखायला शिकायचं. "तुमचा स्वतःचा फायदा फार होईल असं मी म्हणणार नाही," बाई स्पष्टच बोलल्या. "पुढच्यांचा होईल." दादानं लगेच सही केली. बाहेर आल्यावर त्याचा चेहरा उजळला होता. "पाह्य बेबी, मले घेतलं त्याईनं. पेणाऱ्याले घेतच नाईत." मला आठवतं, मीसुद्धा खूश झाले होते. शेजारच्या बायांना आतापर्यंत मी 'साधी कावीळ आहे' असं सांगत होते, आता सांगण्यासारखं काहीतरी मिळालं होतं.

तिथल्याच बाकावर किसनराव भेटले. शेंदूरजनाघाटचे, संत्र्याच्या व्यापारातले, सडपातळ, तोंडात सदा हसू. त्यांचंही लिव्हर तसंच झालेलं, पण दारूनं. सोडून बरीच वर्षं झाली होती. अभ्यासात नाव घालायला तेही गेले होते, पण नियमात बसत नाही म्हणून परत आले होते. त्यांनी दादाला आपुलकीनं विचारलं, "तुमी कधी सोडली भाऊ?" दादा ताडकन म्हणाला, "म्या कधी धरलीच नाई. मी त्यातला नोहे." आणि उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. पुढच्या खेपांनाही तपासणीचा वार एकच असल्यामुळे ते दिसायचे, लांबून नमस्कार करायचे. दादा नमस्कार घ्यायचा, जवळ बसायचा नाही.

मग ती अमरावतीच्या स्टँडवरची गोष्ट झाली. दादा गावाहून एकटाच तपासणीला निघाला होता, अमरावतीला बस बदलायची होती. मला शाळेत फोन आला. दादाचा नंबर, आवाज दुसराच. "ताई, मी किसनराव बोलून राहिलो. तुमच्या भावाले दवाखान्यात आणलं हाय. लोकाईले वाटलं पेले हायेत. थे पेले नाईत ताई, थे लिव्हरचं हाय. माह्यंबी एकडाव असंच झालतं."

मी पोहोचले तेव्हा दादा खाटेवर होता, हाताला सलाईन, धोतर मळलेलं, एक चप्पल नाही. काहीतरी बरळत होता, जीभ जड झाली होती, मला ओळखलं नाही. आणि मी... मी त्याच्यावर वाकले ते कपाळावर हात ठेवायला नाही. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. बस अकोल्याहून निघाल्यापासून हाच एक विचार डोक्यात होता, की असेलही, एखाद्या वेळी, दुखणं सहन न होऊन. मी सरळ झाले तर किसनराव पायथ्याशी उभे राहून माझ्याकडेच पाहत होते. "वास नाई ताई," ते हळूच म्हणाले. "म्याबी पाह्यला होता." मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं.

काय झालं होतं ते नंतर कळलं. दादाचा तोल जात होता, तोंडातून शब्द नीट येत नव्हते. कंडक्टरनं अकोल्याच्या बसमधून उतरवून दिलं. तो फलाटावर पडला, उठायला गेला, पुन्हा पडला. भोवती माणसं जमली. कोणी मोबाइलवर चित्रण करत होतं, कोणी म्हणालं, भरदुपारी बघा कशी चढवली आहे म्हाताऱ्यानं. बिघडलेलं लिव्हर रक्तातली घाण साफ करत नाही, ती मेंदूपर्यंत पोहोचते आणि माणूस प्यायल्यासारखा वागतो, हे त्या गर्दीत एकट्या किसनरावांना माहीत होतं; तेही त्याच बसनं तपासणीला निघाले होते. ते गर्दी हटवत आत घुसले आणि ओरडले, "अरे, हा माणूस पेलेला नाई! पेणारा मी हाय! पेणारा कसा रायते, मले माहीत हाय!" लोक आणखी हसले. मग त्यांनीच ऑटोवाल्याच्या मदतीनं त्याला उचललं.

दादा शुद्धीवर आला. त्याला त्या दिवशीचं काहीच आठवत नव्हतं, ते एक वाक्य सोडून. 'पेणारा मी हाय.' ते त्यानं मला दोन-तीनदा विचारून खात्री करून घेतलं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला वाटलं झोपला. पण थोड्या वेळानं म्हणाला, "बेबी, श्रावण त्या दिवशी खरंच पेलेला होता काय वं?"

मी म्हटलं, "होता दादा. मी पाहिला होता."

"हाव," तो म्हणाला. "होता. पण पानी तर मागून राहिला होता ना."

पुढच्या तपासणीला तो बाकावर किसनरावांना खेटून बसला. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बाई, पेणाऱ्याईसाठी असा अभ्यास काहून नाई?" बाई म्हणाल्या, "असतात, काका. वेगळे असतात. इथं सध्या नाही." दादा म्हणाला, "असाले पाह्यजे." गावी गेल्यावर तो सुमनकडे गेला. मी आणि वहिनी बरोबर होतो. त्याला चढण झेपत नव्हती, दारातच बसला. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "सुमनबाई, म्या तुमच्या हातातून तांब्या घेतला होता." सुमननं त्याच्या फुगलेल्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "थ्या वक्ती पाजला असता पानी, तर थो गावातच राह्यला असता भाऊ. आता मले सांगून काय होते?" तिनं त्याला माफ केलं नाही. पण आत गेली आणि चहा घेऊन आली, बिनसाखरेचा. त्याची शुगर गावात सगळ्यांना माहीत होती. त्यानं तो तिथंच बसून प्यायला.

थोड्याच महिन्यांनी सोनोग्राफीत गाठ दिसली. लवकर सापडली होती, बाईंचा अभ्यास त्यासाठीच तर होता. पण लिव्हर इतकं थकलेलं होतं की ऑपरेशन किंवा औषध झेपणार नव्हतं. बाईंचेच डोळे भरले. दादा त्यांना म्हणाला, "तुमचं काम बरोबर झालं ना बाई? मंग लिहून ठेवा." त्यानंतर पानठेल्यावर कोणी काही म्हटलं तरी तो उत्तर देत नसे. एकदा माझ्याच समोर एका पाहुण्यानं विचारलं, "काय मनोहरभाऊ, घेत होते काय थोडी?" मी तावातावानं बोलणार, तर दादानं माझा हात दाबला. "घेतली असती तरी एवढंच दुखलं असतं बाप्पा," तो म्हणाला.

म्हणून मी त्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर गप्प बसले. 'हा पिणारा नव्हे' अशी साक्ष देताना आपण पिणाऱ्या दुसऱ्या कोणाला खांबाला बांधतो, हे त्यानं फार उशिरा ओळखलं, आणि मी त्याच्याही नंतर. मध्यंतरी वाचलं, जगभरच्या डॉक्टरांनी या आजाराचं जुनं नाव बदललं आहे. त्या नावात दारू होती आणि चरबी होती, पेशंटांना त्याची लाज वाटायची, असं एक कारण त्यात दिलं होतं. बरं झालं. पण नाव बदलून आमची लाज जाईल असं मला वाटत नाही, कारण ती आजाराची नव्हतीच.

दादा माझ्याकडे यायचा तेव्हा त्याला मीठ बंद होतं. मी भाजीत मीठ घालण्याआधी त्याच्यापुरती वाटी बाजूला काढून ठेवायचे. तो गेला तरी हात ऐकत नाही, तपासणीच्या वाराला वाटी निघतेच. गेल्या आठवड्यात अशीच निघाली, वांग्याची होती. मी ती तशीच घेऊन ओट्याशी उभी राहिले. मग डबा काढला, भाकरी गुंडाळली आणि दवाखान्यात गेले. किसनराव बाकावर एकटेच बसले होते, शेजारची जागा रिकामी ठेवून. मी तिथं बसले आणि डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भाऊ कसा खात होता वं ताई हे?"