नाडी दाखवत न्हाय

"ही बघा. इथं थांबली. सात बत्तीस ते सात त्रेचाळीस."

साहेबांनी भिंतीवरच्या टीव्हीला पट्टी टोचली. पडद्यावर आमच्या गावाचा नकाशा होता आणि पट्टीच्या टोकाखाली एक लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे मी. नगरपालिकेच्या हॉलमध्ये आम्ही झाडूवाल्या बाया, गडी, मुकादम, दोन कारकून, सगळे उभे होतो.

"एरवी पाच मिनिटं थांबतेस. हे चार दिवस अकरा-अकरा मिनिटं काय करत होतीस?"

"लघवीला गेल्ते, साहेब."

"अकरा मिनिटं? टाकी फुटली का काय?"

हॉल हसला. कारकून हसले, मुकादम हसला, आमच्यातलेही दोन गडी हसले. मला पाळी आली होती. ते शब्द एवढ्या माणसांत तोंडातून निघेनात. मी मान खाली घातली. साहेब "कामचोर" म्हणाले आणि पुढच्या ठिपक्याकडं वळले.

गावाचं नाव लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. माझं माहेर ईट गावाकडचं. नवरा वारला आणि मी ठेकेदाराकडं झाडूकामाला लागले. आमच्या वस्तीतल्या बाईच्या हातात दुसरं काय देतात?

हा ठिपका दाखवणारी घड्याळं वाटली तेव्हा मी खूश झाले होते, हे कबूल करते. नारळ फुटला, फोटो निघाले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं घड्याळ. सांगितलं, हातातून काढायचं नाही. घरीसुद्धा नाही. काढलं की त्या दिवसाचा खाडा. एका कागदावर सह्या घेतल्या. मी सातवी शिकलेली आहे, कागद वाचायला घेतला, तर मुकादमानं ओढून घेतला. "वाचून काय वकील व्हायचंय?" साहेबांच्या हातात तसलं घड्याळ नव्हतं. कारकुनांच्याही नव्हतं. माझं तिकडं लक्षच गेलं नाही. येडी होते मी.

सकाळी सहापासून अकरापर्यंत रस्त्यावर. बाईनं जायचं कुठं? हा प्रश्न नगरपालिकेला कधी पडला नाही. तो शमीमभाभीला पडला. ती शिवणकाम करते. एकदा मला भिंतीला धरून उभं बघितलं आणि न विचारता परसदार उघडलं. तेव्हापासून रोज साडेसातला ती मागची कडी काढून ठेवायची. बादलीत पाणी, कोपऱ्यात साबण. दोन वर्षं चाललं होतं. आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

घड्याळाला ठाऊक झालं.

हॉलमधल्या त्या तमाशानंतर मुकादम भाभीच्या दारात गेला. "आमची बाई रोज तुमच्यात काय करती?" म्हणून विचारलं, घराचा फोटो काढला, मोबाईल नंबर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी मी गेले तर कडी आतून. भाभी खिडकीतून बोलली. तिचे डोळे लाल होते.

"बुरा नको मानू बाई. त्यानं घराचा फोटो नेलाय. आमचे घरचे लई घाबरलेत. घर कसल्या यादीत जाईल, काय माहीत!"

तिचं बरोबर होतं. मी झाडू उचलला.

आता उरला नाला आणि नाल्याकडेची काटेरी बाभळ. तिथं जायचं तर ठिपका रस्ता सोडून जाणार. माझ्या जोडीला कांतामावशी आहे, कचऱ्याची ढकलगाडी तिच्याकडं. तिनंच युक्ती काढली. "घड्याळ गाडीच्या दांड्याला बांध. म्या ढकलत ऱ्हाते. तू जा."

आम्हाला वाटलं, ठिपका हलला म्हणजे झालं.

मी बाभळीमागून परत येते तोच मावशीनं फोन माझ्या कानाला लावला. मुकादम ओरडत होता. "मेलीस का गं? नाडी दाखवत न्हाय!"

मला आधी कळेचना. कसली नाडी? आणि मग कळलं. ते घड्याळ माझ्या काळजाचे ठोके मोजत होतं. रोज. झोपेतसुद्धा. आणि ते आम्हा झाडूवाल्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. कॉम्प्युटरवरच्या मॅडमनी पडदा साहेबांकडं फिरवला. खालीवर होणारी रेघ. माझी. दोन महिन्यांची.

"हे बघा," साहेब मुकादमाला म्हणाले, "परवा पहाटे दोनला काय पळालेत ठोके!" मग माझ्याकडं बघून, "कुणी आलं होतं का गं?"

मुकादम फिसकन हसला.

त्या पहाटे माझ्या लेकीला तापात आकडी आली होती. तिला खांद्यावर टाकून मी सरकारी दवाखान्यापर्यंत धावले होते. ठिपकाही धावला असेल ना? नकाशावर दवाखाना स्पष्ट दिसत होता. त्यांना तो बघायचाच नव्हता.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ह्या वेळी मान खाली गेली नाही. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, रस्ता झाडायला आलेय मी. रस्ता बघा. घाण दिसली तर बोला. माझी पाळी, माझी लेक, माझं काळीज, ह्यातलं कायबी तुमचं न्हाय."

"खाडा पडेल."

"पाडा."

कांतामावशीनं तिचं घड्याळ काढलं नाही. मी तिला दोष देत नाही. पाच जणांची चूल तिच्यावर आहे.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. माझी कोणकोणती माहिती घेतली, ती कुठं ठेवली, कुणाकुणाला दाखवली ते लेखी द्या, आणि मग पुसून टाका. शमीमभाभीच्या घराचा फोटो आणि नंबरही पुसा. आवकचा शिक्का मारायला कारकून तयार नव्हता. मी त्याच्या टेबलासमोर फरशीवर बसले ते पाच वाजता शिक्का घेऊनच उठले.

काल मुकादमाचा निरोप आला. घड्याळ घालणार असशील तरच ये.

मी जाणार आहे. सकाळी सहाला, नुसत्या मनगटानं. हजेरी घेतली नाही तरी माझा रस्ता झाडीन. आणि त्यांनी झाडू हिसकावून घेतला, तर टीव्ही लावलेल्या त्याच हॉलच्या दारात बसेन. ज्याला आत जायचंय त्यानं मला ओलांडून जावं.